ब्रॅकनच्या नावावर

फोनवर बाई म्हणाल्या, कुत्रा म्हातारा झाला होता हो,
शेवटी शेवटी धरवत नव्हतं त्याला.
एवढंच. मग पत्ता: अर्ब्रोथ, बंदराच्या वरची गल्ली,
निळं दार. बेल बिघडलीय, ठोका जोरात.

दारातच कळलं.
तेवीस वर्षं गालिचे धुतोय, नाक माझं आता
माझ्याआधी घरात शिरतं.
इशबेल गेडीस. ऐंशीच्या पुढे वय,
हातात व्हिनेगरची बाटली,
स्कर्टवर गुडघ्यांपाशी खायच्या सोड्याची दोन पांढरी वर्तुळं.
सगळं करून पाहिलं, म्हणाल्या. लिंबू. कॉफीची पूड.
शेजारीण म्हणाली म्हणून उकळतं पाणीसुद्धा.
मी गप्प राहिलो.
उकळत्या पाण्यानं वास पक्का होतो,
लोकरीच्या मुळाशी रंग बसावा तसा.

कोरड्या हवेत काही नसतं, त्या म्हणाल्या,
पण समुद्रावरून धुकं चढलं की
परत येतो.

पडदे ओढून मी जांभळा दिवा लावला.
गिऱ्हाइकाला शक्यतो बाहेर बसवतो मी अशा वेळी.
पुसलेलं, धुतलेलं, कपाटाखाली सारलेलं
सगळं पिवळट हिरवं होऊन वर येतं.

दाराकडचे डाग कुत्र्याचे, ते ओळखू येतात.
एक उंबरठ्याशी. एक त्याच्या हातभर अलीकडे.
मग टेबलापाशी, मग टेबलाच्याही अलीकडे,
दार दर महिन्याला थोडं लांब गेलेलं.
शेवटचा त्याच्या गादीला चिकटून.
दर वेळी निघाला मात्र होता बिचारा.

पण कपाटाचं काय?
कपाटाच्या दारावर, माझ्या मांडीइतक्या उंचीवरून
खाली ओघळलेली रेघ.
खिडकीखाली तशीच एक.
आरामखुर्चीपुढे, जिथे दोन पावलं टेकून गालिचा झिजलाय,
बरोबर त्यांच्या मधोमध.
ब्रॅकनचा फोटो मी येताना पाहिला होता. गुडघ्याला लागेल एवढा.

त्याच फोटोत अ‍ॅलिक गेडीस, बोटीवर, टोपी मागे सारून.
चाळीस वर्षं नुसत्या भोंग्याच्या आवाजावर
धुक्यातून बोट बंदराला लावली म्हणे ह्या माणसानं.
पलंगापासून संडासापर्यंत
मी मोजली, नऊ पावलं होती.

दिवा विझवला.
बाई दारात उभ्या. केव्हापासून, कोण जाणे.
"कुत्राच," त्या म्हणाल्या.
"काही कुत्रे पाय फार उंच करतात," मी म्हणालो.
त्या हसल्या नाहीत. चहा ठेवायला गेल्या.

गालिचा कोपऱ्यातून सोलला, खालचा स्पंज कापून
काळ्या पिशव्यांत भरला, तीन पिशव्या.
फळ्या शाईसारख्या काळ्या.
एन्झाइम ओतून झाकून ठेवायचं, बस.
घासायचं नाही. घासलं की पसरतं.
रात्रभर ते आपलं खात बसतं,
आपल्याला ते कळतसुद्धा नाही.
दुसऱ्या दिवशी फळ्यांवर लाखेचे दोन हात, नवा स्पंज, वर तोच गालिचा.

"मुलगी येतेय रविवारी, न्यूझीलंडहून," बाई म्हणाल्या,
कपाट पुसत, पुन्हा तेच दार.
"अकरा वर्षांनी. तिला बाप ताठ चालणारा आठवतो."
मग जरा थांबून,
"कुत्र्याला ती कधी भेटलीच नाही. तिला काही वाटणार नाही."

बिलावर लिहिलं: पाळीव कुत्रा, तीन खोल्या.
त्यांनी ते दोनदा वाचलं,
घडी घालून ब्रॅकनच्या पट्ट्याशेजारी ठेवलं.
असा निमूट आळ घेणारा कुत्रा
मी दुसरा पाहिला नाही.
मरूनही राखण चाललीय त्याची.

बाहेर गाडीत बसलो तेव्हा
बंदराच्या भिंतीवर धुकं चढत होतं.
काच खाली करून मी थोडा वेळ तसाच थांबलो.
काम टिकलंय का ते
आजच कळणार होतं, तिला नाही तर मला.